अनवाणी जवानाचा टाक

तालुक्याच्या गावातल्या एका चांदीच्या व्यापाऱ्यानं माझ्या आईला फसवलं. वजनात फसवलं नाही, कसात फसवलं नाही. घेतलं त्यापेक्षा गुंजभर जास्तच परत दिलं. त्यामुळे ज्याला ज्याला हे सांगितलं त्यानं मलाच उलट विचारलं की मग तुझी तक्रार काय आहे? ती काय आहे ते इथं लिहितो.

मी गुरांचा दलाल. आमच्याकडे हेडी म्हणतात. उंद्रीकडच्या एका लहान गावात जन्मलो, बाप लवकर गेला, लोकांची गुरं चारली. गुरांमागं फिरता फिरता गुरं ओळखायला शिकलो आणि पुढं त्यांच्या जिवावर पक्कं घर बांधलं. बैलबाजारात सौदा तोंडानं होत नाही. दोघांच्या हातांवर रुमाल पडतो आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगतात. तोंडानं त्या वेळी पाहुण्यारावळ्यांची चौकशी चालू असते. ज्याच्या चेहऱ्यावर गरज दिसली तो बुडाला. माझा राग साऱ्या बाजाराला माहीत आहे, पण रुमालाखाली माझा हात कधी तापला नाही.

धाकट्या भावाला मी हाच धंदा शिकवणार होतो. त्याला तो जमला नाही, कारण बैलाचं वय विचारलं की तो खरं सांगून टाकायचा. एकदा माझ्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "काका, हा उजवा बैल नांगराले बसते." मी त्याला तिथंच बाजारात हाणलं. तो हसत होता. पुढच्या वर्षी फौजेत गेला आणि घरी पैसे पाठवायला लागला. मी म्हटलं, बरं झालं, खरं बोलून पोट भरायची जागा सापडली.

पाकिस्तानशी लढाई झाली त्या साली पावसाळा सरता सरता तार आली. त्याला तिकडंच अग्नी दिला होता. घरी काही आलं नाही. तारेच्या दुसऱ्या दिवशी बाजार होता. सुतक होतं, तरी मी गेलो आणि एक जोडी विकली. लोक बाजूला सरकून मला वाट देत होते. भाव चांगला आला. संध्याकाळी घरी येऊन मी गोठ्यात वैरण टाकली. मला काही वाटत नव्हतं, आणि आपल्याला काही वाटत नाही हेही मला तेव्हा कळत नव्हतं.

आमच्या घराण्यात लढाईत मेलेला माणूस वीर होतो. त्याचा टाक करतात. टाक म्हणजे तळहाताहून लहान असा चांदीचा पत्रा, त्यावर त्या माणसाची आकृती उठवलेली. तो देवांच्या रांगेत देवघरात बसतो. मग त्याला रोज नैवेद्य. टाकाची चांदी घरातलीच लागते, आणि ती वितळत असताना घरातलं माणूस समोर बसून राहावं लागतं, म्हणजे दुसऱ्याची चांदी त्यात येत नाही. आईनं पायातल्या तोरड्या काढल्या आणि गावच्या सोनाराकडे स्वतः जाऊन बसली. मी तिला सोडायला गेलो होतो.

"वीर म्हटला का घोडा आला, माय," सोनार म्हणाला. "समदे वीर घोड्यावरच असतात."

"तो कधी घोड्यावर बसला? टांग्याचा घोडा दिसला का माह्या लुगड्याआड लपे तो."

"बरं, मंग उभा करतो. टोपी देतो, बंदूक देतो, बूट देतो."

"बूट नको."

"फौजेचा मानूस अन् बूट नाही? लोक हासतीन मले."

"बूट चावत त्याले. सुटीवर आला का फाटकातच काढून फेके. आता त्याले घरातच बसाचं हाय ना? घरात कोनी बूट घालून बसते काय?"

सोनार माझ्याकडे पाहायला लागला. मी म्हटलं, माय म्हणते तसं कर. अशी ती आकृती झाली. डोक्यावर टोपी, खांद्याला बंदूक आणि पाय उघडे. नाकडोळे सोनाराला फारसे साधले नव्हते, एक खांदा वर होता. पण आई दिवसभर भट्टीसमोर बसून होती, आणि तिच्यापुरता तो तिचा मुलगा झाला होता.

टाक देवघरात बसला त्या दिवसापासून आई त्याच्याशी बोलायला लागली. स्वयंपाकघरातून मला ऐकू यायचं. "आज वांग्याचीच भाजी हाय, नाक मुरडू नको." कधी माझी तक्रार करायची. "तुह्या भावानं आज पुन्हा त्या गड्याले शिव्या देल्या." तारेनंतर तिनं घरात बोलणंच सोडलं होतं, ते असं परत सुरू झालं. मला त्याचं बरं वाटलं असावं. घरात आवाज असला म्हणजे जेवण जातं.

पुढं तालुक्याच्या गावात चौकात लढाईत गेलेल्यांचा स्तंभ उभारायचं ठरलं. त्यासाठी समिती झाली. समितीत तो चांदीचा व्यापारी होता. तो जीपमध्ये बसून आमच्या घरी आला, धोतराचा सोगा सावरत ओसरीवर बसला आणि आईला म्हणाला, "मायबाई, तुमचा मुलगा आता एकट्या तुमचा राहिला नाही. साऱ्या तालुक्याचा झाला."

आई म्हणाली, "मंग तालुक्यानं त्याले दोन घास घालाव."

तो मोठ्यानं हसला. "घालणार, घालणार. त्यासाठीच आलो." स्तंभाच्या उद्घाटनाला टाक लोकांच्या दर्शनाला ठेवायचा होता. त्याआधी काही दिवस तो त्याच्याकडे द्यायचा, म्हणजे तो उजळून देणार. "काळवंडलाय बघा. आमच्याकडे कारागीर आहेत, लख्ख करून देतो. पै घेणार नाही."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी मागायला सुरुवात केली. आईला मंडपात खाली नाही, वर खुर्चीवर बसवायचं. न्यायला-आणायला जीप. स्तंभावर भावाचं नाव सगळ्यात वर. तो प्रत्येक गोष्टीला हो म्हणत गेला, एकदाही घासाघीस केली नाही. जो घासाघीस करत नाही त्याच्या समोरून उठून जावं, हे मी नव्या पोरांना शिकवत आलो आहे. पण हा सौदा आहे असं मला वाटलंच नाही. मला तो भावाचा मान वाटत होता.

उद्घाटनाला गर्दी खूप झाली. आई वर खुर्चीवर बसली होती, मी तिच्या मागं उभा. भाषण करणाऱ्यानं सांगितलं की या वीरानं आपले बूट एका जखमी सोबत्याला काढून दिले आणि अनवाणी पायांनी शत्रूवर चालून गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काही बाया डोळे पुसत होत्या. आईनं मान मागं वळवली.

"हे कोनाचं सांगून राह्यले?"

"आपल्याच."

"त्याले तं बूट चावत. कोनी सांगतलं यायले हे?"

"बस आता, माय. लोक पाहून राह्यले."

मंडपाच्या तोंडाशी एक दुकान लावलं होतं. लाल कागद चिकटवलेल्या डब्या, आणि प्रत्येक डबीत कापसावर एकेक टाक. डोक्यावर टोपी, खांद्याला बंदूक, पाय उघडे, एक खांदा वर. सोनाराची चूकसुद्धा त्यात तशीच्या तशी उतरली होती. भोंग्यातून माणूस ओरडत होता, "अनवाणी जवानाचा टाक! आपल्या देवघरात वीर न्या! स्मारकाला हातभार लावा!" लोक एकमेकांच्या खांद्यावरून हात पुढं करत होते. ज्यांच्या घरातून कोणी फौजेत गेलं नव्हतं ते सगळ्यात पुढं होते. एक माझ्या ओळखीचा कापसाचा अडत्या दोन डब्या घेऊन आला आणि मला नमस्कार करून म्हणाला, "तुमच्या भावाले घरी नेऊन राह्यलो बरं. एक पोरीच्या सासरी देतो."

मी म्हटलं, "ने."

आईला शाल, नारळ आणि मखमलीची डबी मिळाली. जीपनं आम्हाला घरी सोडलं. ठरलं होतं तसं सगळं त्यानं केलं. आईनं चुलीजवळ बसून डबी उघडली, टाक हातात घेतला, मुठीत धरला आणि पुन्हा उघडला.

"हा तो नव्हे."

"उजळलाय म्हणून तसा वाटते, माय."

"लेकराले आंघोळ घातली का ते वळखू येत नाही काय?"

मी चिडलो. म्हणालो, दिवसभर उभा राहिलो, आता हे नवीन काढू नको. तिनं तो टाक देवघरात ठेवला नाही. वर फळीवर ठेवला, हळदीच्या डब्याशेजारी. त्या रात्री तिनं नैवेद्याचं ताट वाढलं आणि हातात घेऊन नुसती उभी राहिली. मग ते ताट माझ्यापुढं ठेवलं. मी जेवलो.

सकाळी मी टाक घेऊन सोनाराकडे गेलो. त्यानं तो उलटसुलट केला, तराजूत टाकला. "गुंजभर जास्तच हाय."

"तुह्या हातचा हाय का?"

"असन बी, नसन बी. नक्कल अस्सल माह्यासारखी केली त्यायनं. तुमीच सांगा, मी कशावरून सांगू?"

मग मी खामगावला नेऊन कस लावून आणला. कस बरोबर होता.

तिथून सरळ त्या व्यापाऱ्याच्या दुकानात गेलो. तो गादीवर लोडाला टेकून बसला होता.

"या, दलालसाहेब. चहा सांगू?"

"आमचा टाक कुठं आहे?"

"तुमच्या घरी."

"तो आमचा नव्हे."

"वजन कमी भरलं?"

"नाही."

"चांदीत खोट निघाली?"

"नाही."

"मग?"

मी साऱ्या जिल्ह्यात सौदे केलेत, पण समोरच्याकडून आपल्याला काय हवं ते सांगता येत नाही अशी वेळ कधी आली नव्हती. मी गादीवर चढून त्याची कॉलर धरली. नोकर धावले. त्यानं त्यांना हातानं थांबवलं. तो घाबरलाही नव्हता.

"खरं ऐकायचं आहे ना? ऐका. ठसा काढायला तुमचा टाक कारागिराकडे दिला होता. त्यानं ठसा काढला, नवे टाक पाडले आणि सगळे एकाच घमेल्यात उजळायला टाकले. तुमचा त्यातला कोणता, हे त्याला सांगता येईना. मला तर येणारच नाही. एक उचलला, डबीत घातला."

"अन् आमचा?"

"गेला असेल कोणाकडे. देवघरातच गेला असेल ना? वाईट जागी तर नाही गेला."

"त्यात माझ्या आईची चांदी होती."

"चांदीला आई नसते, दलालसाहेब. तुम्ही वासरू विकता तेव्हा गाय विचारते का? वाटलं तर दोन टाक जास्त घेऊन जा. मायबाईंना सांगा, शेठनं पाठवले."

मी त्याची कॉलर सोडली. समोरच्याजवळ काही लपवलेलं असलं तर ते काढून घेता येतं, ती माझी विद्या आहे. या माणसाजवळ लपवलेलं काही नव्हतं. त्याला खरंच माहीत नव्हतं. मी बाहेर येऊन स्तंभाच्या कट्ट्यावर बसलो. वर भावाचं नाव होतं, सगळ्यात पहिलं, कबूल केलं होतं तसं.

पोळ्यानंतरच्या बाजारात एक जोडी माझ्याकडे आली. मालक दातांवरून वय सांगत होता. मी डावीकडच्या बैलाचं तोंड उघडलं आणि मान वर केली तर त्याच्या कपाळावर, दोन शिंगांच्या मध्ये, लाल गोंड्यात ओवलेला टाक होता. पाय उघडे. मी दात मोजले. जोडीचा सौदा केला. नंतर मालकाला म्हटलं, तो कपाळावरचा दे.

"तो कायले? पोळ्याले पोरीनं बांधला."

"दे ना. मले आवडला."

त्यानं माझ्याकडे बारीक डोळे करून पाहिलं. मी स्वतः लोकांकडे तसाच पाहत आलो आहे. गरज दिसली होती. त्यानं सांगितला तो भाव मी दिला, रुमालसुद्धा टाकला नाही.

टाक घरी आणून आईच्या हातावर ठेवला. तिनं मूठ मिटली, डोळे मिटले. "हा बी नव्हे," ती म्हणाली. पण तिच्या आवाजात काहीतरी होतं, निदान मी शोधतो आहे याचं थोडं बरं वाटल्यासारखं. मग मी शोधायलाच लागलो. गुरांच्या कामानं मी गावोगाव फिरत होतोच. ज्या घरी टाक असेल तिथं जायचो. काहींनी देवघरातून काढून दिला, काहींनी ट्रंकेतून. एका लग्नात नवरदेवाच्या फेट्यावर लावलेला मिळाला. एका ट्रक चालवणाऱ्यानं काचेजवळचा काढून दिला आणि म्हणाला, "याच्यामुळं अपघात होत नाही म्हणतात, म्हणून जास्त लागतील." मी दिले. आईजवळ आणायचा, तिनं मूठ मिटायची, मान हलवायची. नाकारलेले टाक मी एका कापडात बांधून ठेवत होतो.

असंच एकदा डोणगावच्या बाजारात एका भांड्यांच्या दुकानात विचारलं. दुकानदार मला ओळखत नव्हता. त्यानं लगेच खालून पेटी काढली. डब्यांचा थर होता.

"घ्या. पाहिजे तेवढे घ्या. ताजा माल आहे."

"एवढे? उद्घाटन होऊन तर किती दिवस झाले. आता कोण घेते हे?"

"अहो, मध्ये बंदच होता हा माल. पण उंद्रीकडचा कोणी हेडी आहे म्हणे, दिसला टाक का घेते, भाव पाहत नाही. डोकं फिरलेलं दिसते. पण मालाले उठाव आला ना! लोक आता घेऊन ठेवून राह्यले त्याच्यासाठी. शेठनं ठसा पुन्हा लावला."

मी एक टाक उचलला. कड अजून घासलेली नव्हती, बोटाला लागली. मला राग यायला हवा होता. मी वाट पाहत उभा राहिलो, पण आला नाही. "हेडी भेटला तर आमच्याकडे माल आहे म्हणून सांगता का?" असं दुकानदार विचारत होता. मी "सांगतो" म्हटलं, टाक डबीत ठेवला आणि एसटीकडे चालायला लागलो.

घरी आलो तेव्हा आई ओसरीवर होती.

"आनला?"

"नाही."

"बरं केलं." ती आपला उजवा तळहात पाहत होती, जसं काही त्याला काही झालं आहे. "आता नको आनू, बापा. पह्यले मले वाटे का हातात आला का समजन. आता समदेच त्याच्यासारखे लागतात. कालचा बी तोच वाटला. परवाचा बी तोच वाटला होता. म्या तुले बोलली नाही."

म्हणजे तिच्या हाताला जे कळत होतं, तेही मी आणलेल्या ढिगानं गेलं. कदाचित त्या ढिगात खरा येऊनही गेला असेल आणि तिनं मान हलवली असेल. आता ते कोणालाही कधीच कळणार नाही. मी ते कापडातलं गाठोडं घेऊन विचारलं, याचं काय करू? ती म्हणाली, "ठेव. कोनाचे असतीन त्यायले देजो." ते कोणाचेच नाहीत हे मी तिला सांगितलं नाही.

देवघरात त्याची जागा आता रिकामी आहे. आई तिथं ताट ठेवत नाही. त्याच्याशी बोलतही नाही. माझ्याशी बोलते ते कामापुरतं, वैरण आली का, गडी आला का. ती थकली आहे. तिला कोणी दुःख विचारलं तर म्हणते, "काही नाही, चांगलं हाय." लोकांना ते समाधान वाटतं. मी गावच्या पंचांपुढं हे मांडलं. एकानं विचारलं, "तुह्यं गेलं काय? गुंजभर कमावलंच ना?" बाकीचे हसले नाहीत, पण माझ्या बाजूनं मानाही डोलावल्या नाहीत. समितीच्या अध्यक्षांकडे गेलो. ते म्हणाले, टाकांच्या विक्रीतूनच स्तंभाभोवती कुंपण झालं, तुमच्या भावाचं नाव साऱ्या तालुक्याच्या घराघरांत गेलं, आणखी काय हवं?

तो व्यापारी अजून त्याच गादीवर बसतो. दर पंधरा ऑगस्टला स्तंभाला पहिला हार त्याचा असतो. मी त्याच्याकडे दंड मागत नाही, चांदी मागत नाही, माफी तर मुळीच मागत नाही. माफी हा स्वस्तातला सौदा असतो. त्यानं एवढंच करावं. आमच्या घरी यावं, जीपनं यावं की पायी यावं ते त्यानं ठरवावं, आणि माझ्या आईच्या समोर बसून तिला सांगावं की तिचा मुलगा कोणाच्या घरी बसला आहे आणि त्या घरची माणसं त्याला जेवू घालतात की नाही. त्याला ते माहीत नसेल तर माहीत नाही असं त्यानं स्वतःच्या तोंडानं तिला सांगावं. तिच्यासमोर. मला सांगितलेलं धरलं जाणार नाही.